कासवाच्या पाठीवरचा डाग: काय पाहावं, काय टाळावं

कासवाच्या पाठीवर पांढरा डाग किंवा खड्डा दिसला की लोक साधारण तीन गोष्टी करतात. फोटो काढून ग्रुपवर टाकतात, डागावर हळद चेपतात आणि घमेल्यात पाणी घेऊन कासव घरी आणतात. यातल्या पहिल्या गोष्टीतला फोटो उपयोगाचा आहे. दुसरीनं जखम बिघडते. तिसरीनं कायदा मोडतो, शिवाय अशक्त झालेलं कासव त्याच घमेल्यात बुडून मरू शकतं.

समुद्री कासवांच्या बाबतीत आपण बरेच शहाणे झालो आहोत. वेळासच्या कासव महोत्सवामुळे कासवाची घरटी आणि पिल्लं लोकांच्या ओळखीची झाली, डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्रही आहे. नदी, तळं, ओढा आणि विहीर इथल्या कासवांच्या वाट्याला एवढं कौतुक आलेलं नाही. त्यांच्या कवचाला रोग झाला तर तो पहिल्यांदा दिसतो शेतकऱ्याला, मच्छीमाराला, देवळाच्या कुंडाची देखभाल करणाऱ्याला, नाहीतर पक्षी बघायला गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. रानातल्या कासवाचा कवचरोग बरा करणं हे तुमचं काम नाही. तो वेळेवर ओळखावा, नीट नोंदवावा, योग्य माणसापर्यंत पोचवावा आणि ज्या पाण्यात तो झाला त्या पाण्याकडे बघावं, एवढं तुमच्याकडून हवं आहे. यातलं शेवटचं काम बहुतेक वेळा राहून जातं, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

कवच जिवंत असतं

कवच म्हणजे कासवानं पाठीवर घेतलेलं घर, ही कल्पना गोष्टीत शोभते. प्रत्यक्षात कासवाचा कणा आणि फासळ्या रुंदावून, हाडांच्या पट्ट्यांशी एकजीव होऊन पाठीचं कवच तयार होतं. त्यात रक्त खेळतं, मज्जातंतू असतात, जखम खोल गेली तर वेदना होते. कवचातून बाहेर आलेलं कासव कुणी पाहिलेलं नाही, कारण ते बाहेर येऊच शकत नाही.

कठीण पाठीच्या कासवांत या हाडांवर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याचे, खवले असतात. बहुतेक जातींत पाठीच्या मधल्या रांगेत ५ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४-४ असे १३ मोठे खवले दिसतात, आणि काठाला लहान खवल्यांची किनार असते. हा हिशोब लक्षात ठेवा, डाग नेमका कुठे आहे ते लिहिताना कामाला येतो. महाराष्ट्रात या गटातलं नेहमी दिसणारं पाणकासव म्हणजे पाठीवर तीन उभे कंगोरे असलेलं काळपट मेलानोकेलिस.

मऊ पाठीच्या कासवांची तऱ्हा वेगळी. त्यांना खवले नसतात, हाडावर थेट चामड्यासारखी कातडी असते. गावतळी, भातखाचरं आणि विहिरींत सर्रास सापडणारं फ्लॅपशेल याच गटातलं. मागचे पाय आत ओढले की पोटाच्या कवचाला असलेल्या दोन झडपांनी ते झाकून घेतं, त्यावरून ओळखू येतं. दुसरं म्हणजे दख्खनच्या मोठ्या नद्यांतलं लेथचं मऊ पाठीचं कासव. १८७२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, आणि २०२२ साली त्याचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. या कासवांची कातडी पाण्यात श्वास घ्यायलाही मदत करते. त्यामुळे तिच्यावर काहीही चोपडलं की त्याचा परिणाम जखमेपुरता राहत नाही.

आधी जे रोग नाही ते ओळखा

पाठवलेल्या फोटोंत आजारी म्हणून दाखवलेलं कासव पुष्कळदा ठणठणीत असतं. घाई करण्याआधी या गोष्टी तपासून घ्या.

शेवाळ. पाण्यात बराच काळ राहणाऱ्या कासवाच्या पाठीवर हिरवी लव उगवते. खवले टणक आणि सलग असतील तर ती काढायची गरज नाही. ब्रशनं घासून पाठ चकचकीत करणं म्हणजे निरोगी कवचावर ओरखडे पाडणं.

सुटणारे खवले. काही जातींत वाढीच्या काळात जुना खवला पातळ पापुद्र्यासारखा निघतो. खालचा नवा खवला कोरडा, टणक आणि स्वच्छ असेल तर ते नैसर्गिक आहे. पापुद्र्याखाली ओलसर, पिवळट, वासाचा थर असेल तर मात्र ती रोगाची खूण.

क्षारांचे थर. जड पाण्याच्या विहिरीत कवचावर पांढुरका खरबरीत थर चढतो. लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या गाळात तांबूस किंवा काळपट रंग चढतो. दोन्ही वरवरचे असतात, त्यांना खोली नसते.

जुने व्रण. कुत्र्याचे दात, दगड किंवा बोटीचा पंखा लागून झालेली जखम भरली की तिथे खळगा राहतो. कडा गुळगुळीत, तळ कोरडा आणि कठीण असेल तर ते कासव लढाई जिंकून बसलेलं आहे. त्याला बसू द्या.

जन्मजात खुणा. काही फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. लेथच्या कासवाच्या पिल्लाच्या पाठीवर तर डोळ्यांसारखी गोल वर्तुळं असतात, मोठेपणी ती पुसट होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चट्टे वाटतात.

पिल्लाचं लवचीक कवच. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं कवच दाबलं तर किंचित दबतं. मोठ्या, कठीण पाठीच्या कासवाचं कवच दबत असेल तर ते चिंतेचं आहे. उन्हाशिवाय आणि कॅल्शियमशिवाय पाळलेल्या कासवांत हे विशेष दिसतं.

रोगाच्या खुणा

आता खरी लक्षणं. कठीण पाठीवर पांढरे किंवा पिवळट ठिगळासारखे डाग, त्यांचा भुसभुशीतपणा, खवला मध्येच उचललेला, त्याखाली दह्यासारखा किंवा चिकट थर, कडा कुरतडल्यासारखे खड्डे, आत उघडं पडलेलं हाड. पोटाच्या कवचाकडे विशेष लक्ष द्या. तिथे खवल्यांखाली गुलाबी-लाल झाक किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर संसर्ग रक्तात पोचल्याची शक्यता असते. मऊ पाठीच्या कासवांत कातडीवर गोल, खोलगट फोड, राखाडी-पांढरे चट्टे, सोललेल्या कडा आणि काठाला झिजल्यासारखी किनार दिसते.

वास हे मोठं लक्षण आहे. निरोगी कासवाला चिखलाचा वास येतो, सडलेल्या कवचाचा वास त्याहून निराळा आणि नाकात बसणारा असतो.

कवचाबरोबर कासवाची वागणूकही पाहा. माणूस जवळ येऊनही पाण्यात उडी न मारणं, एका बाजूला कलून तरंगणं, बुडी न मारता येणं, मागचे पाय फरफटणं, डोळे सुजणं, नाकातून बुडबुडे येणं, यातलं काहीही कवचाच्या डागासोबत दिसलं तर ते तातडीचं समजा.

फसवणारी गोष्ट अशी की वरचा डाग आणि आतलं नुकसान यांचं प्रमाण जुळेलच असं नाही. खवल्यावर नाण्याएवढा फिकट डाग असतो आणि खाली हाडात पोकळी झालेली असते. म्हणून नखानं किंवा काडीनं टोकरून खोली बघू नका. ते काम एक्स-रे आणि सीटी स्कॅनचं आहे.

रोग येतो कुठून

कवचाचा रोग हे एकाच आजाराचं नाव नाही. बऱ्याचदा सुरुवात जखमेनं होते. खवला तडकतो, कातडी खरचटते, आणि पाण्यात एरवीही असलेले जिवाणू आत शिरतात. एरोमोनास, सिट्रोबॅक्टर, स्युडोमोनास ही नेहमी सापडणारी नावं. धडधाकट कासव त्यांना थोपवून धरतं. पाणी घाण असेल, खाणं कमी असेल, ऊन मिळत नसेल तर थोपवण्याची ताकद कमी पडते. संसर्ग पुढे रक्तात उतरला की कातडीवर आणि कवचावर व्रण पडतात, पाय लुळे पडतात, आणि कासव काही दिवसांत दगावू शकतं.

ऊन इथे फार महत्त्वाचं. कासवाच्या शरीराचं तापमान बाहेरच्या तापमानावर ठरतं, आणि त्याची प्रतिकारशक्तीही त्या उबेवर चालते. हिवाळ्याच्या सकाळी दगडावर पाय ताणून बसलेलं कासव आळशीपणा करत नसतं. ते अंग तापवतं, कवच कोरडं करतं, शेवाळ आणि जळवांना आळा घालतं. ज्या पाण्यात बसायला दगड नाही, ओंडका नाही, उतरता काठ नाही, तिथली कासवं कायम ओली राहतात.

दुसरं मोठं कारण बुरशी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथलं वेस्टर्न पाँड टर्टल नावाचं कासव १९९० च्या सुमारास जेमतेम दीडशेवर आलं होतं. १९९१ पासून सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयानं आणि वन्यजीव विभागानं पिल्लं वाढवून सोडायला सुरुवात केली. बाहेरून आलेले बुलफ्रॉग पिल्लं गिळत, म्हणून ती बेडकाच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाल्यावरच तळ्यात सोडायची, असा हिशोब. संख्या वाढली. मग सोडलेल्या कासवांच्या पोटाच्या कवचात खड्डे पडलेले सापडू लागले. अशा व्रणांतून वेगळी काढलेली एक बुरशी शास्त्राला नवी निघाली, आणि २०१९ साली तिला एमिडोमायसिस टेस्टाव्होरन्स असं नाव मिळालं. ही बुरशी केराटिनवर जगते, फार सावकाश वाढते आणि खवल्याखाली हाडापर्यंत पोचते. आजारी कासवांना पकडून, भूल देऊन सडका भाग खरवडून काढावा लागतो, महिनोन् महिने औषधं द्यावी लागतात, आणि मग पुन्हा तळ्यात सोडावं लागतं.

जॉर्जिया राज्यातल्या ब्लॅकशिअर तलावातही १९९० च्या दशकात एकाच तलावातल्या अनेक कासवांना कवचाचा रोग झाल्याची नोंद झाली. या दोन्ही ठिकाणांहून घेण्याचा धडा सारखाच आहे. कासव दवाखान्यात बरं होतं, पण परत जातं त्याच पाण्यात. एक कासव आजारी दिसलं तर तो अपघात असू शकतो. त्याच तळ्यात तीन-चार दिसली तर प्रश्न तळ्याचा आहे.

दिसलं तर काय कराल

कासव स्वतः हालचाल करत असेल, रक्त येत नसेल, तर त्याला हात लावू नका. पाच-सहा मीटरवरून दुर्बिणीनं किंवा मोबाइलचा झूम वापरून पाहा. पाठीचा वरून एक फोटो, दोन्ही बाजूंचे एकेक, डोक्याचा एक आणि आजूबाजूच्या जागेचा एक, एवढे पुरेत. जागेचा फोटो लोक विसरतात, आणि डॉक्टरला तोच फार सांगून जातो.

नोंदीत एवढं लिहा: तारीख आणि वेळ, गावाचं व पाणवठ्याचं नाव, शक्य तर मोबाइलवरचं अचूक ठिकाण, कासव कठीण पाठीचं की मऊ, लांबीचा अंदाज, डाग कोणत्या खवल्यावर (मधल्या रांगेतला मानेकडून दुसरा, उजवीकडचा तिसरा, असं), रंग, ओला की कोरडा, आणखी किती कासवं दिसली आणि त्यांपैकी किती डागाळलेली. पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे, जवळचं सांडपाणी किंवा कारखान्याचा नाला हेही टिपा. काही दिवसांनी त्याच वेळी पुन्हा जा आणि पुन्हा टिपा. एकट्या फोटोपेक्षा दोन तारखांचे दोन फोटो जास्त बोलतात.

अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर मात्र टाकू नका. विसनखी कासवानं पैशाचा पाऊस पडतो, अशा भोंदूगिरीपायी आपल्याकडे कासवांची तस्करी चालते. नोंद वनविभागाला आणि ओळखीच्या अभ्यासकाला द्या, चारशे जणांच्या ग्रुपला नको. कासव विकायला आणलेलं दिसलं तरी तेच करा.

महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. गोड्या पाण्यातल्या आपल्या देशी कासवांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे, आणि फ्लॅपशेल तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. म्हणून मदतीच्या हेतूनं उचलायचं असलं तरी आधी फोन करा, तुमचं नाव आणि जागा नोंदवा, आणि पुढची सूचना घ्या. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. तुमच्या भागात कासव कुठे न्यायचं ते वनरक्षक सांगतील.

उचलावंच लागलं तर

कवच फुटलं आहे, रक्त येतं आहे, हाड उघडं आहे, कासव रस्त्यावर पडलं आहे किंवा कुत्र्यांच्या तावडीत आहे, अशा वेळी थांबता येत नाही. फोन लावा आणि सूचनेप्रमाणे हे करा.

कठीण पाठीचं कासव दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध कवच धरून उचला. शेपटीनं उचलू नका, मणक्याला इजा होते. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते आणि ती मागे वळवून ते कडकडून चावतं. त्याला हातानं धरण्यापेक्षा रुंद टब समोर धरून फडक्यानं आत लोटावं.

भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा झाकणाला छिद्रं केलेला टब घ्या. तळाला ओलसर, पिळून काढलेलं सुती कापड अंथरा. टबात पाणी भरू नका. मऊ पाठीच्या कासवावर वरूनही ओलसर कापड टाका, त्याची कातडी वाळू देऊ नका. खोका सावलीत आणि शांत जागी ठेवा. खायला काही घालू नका. जखमेत चिखल असेल तर स्वच्छ पाण्याची किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनची हलकी धार सोडा, चोळू नका. कवचाचे सुटे तुकडे निघाले असतील तर ओल्या कापडात गुंडाळून सोबत द्या. गळ अडकला असेल तर दोरा ओढू नका, हातभर दोरा ठेवून कापा. गळ कुठवर गेला आहे ते डॉक्टरांना त्या दोऱ्यावरून कळतं.

काम झाल्यावर साबणानं हात धुवा. धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. लहान मुलांना आजारी कासवाजवळ जाऊ देऊ नका.

काय लावायचं नाही

हळद, तेल, चुना, राख, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट, नेलपॉलिश, ऑइलपेंट यांपैकी काहीही नको. तेलानं आणि रंगानं जखम झाकली जाते, खाली ओल राहते, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना आयतं घर मिळतं. चुना आणि पेरॉक्साइड जिवंत पेशी जाळतात. डेटॉलसारखी द्रव्यं मऊ कातडीतून आत शोषली जातात.

फुटलेलं कवच एम-सीलनं किंवा फेविक्विकनं जोडण्याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. ते करू नका. जखम स्वच्छ न करता वर टणक थर चढवला की पू आतच कोंडतो. पशुवैद्यक कवचाला आधार देतात तोही आतला भाग स्वच्छ असल्याची खात्री करून, आणि जखम रोज धुता येईल अशा बेतानं.

प्रतिजैविकांचं इंजेक्शन गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून परस्पर टोचून घेण्याचा मोहही टाळा. कासवाला कोणतं औषध, किती आणि किती दिवसांच्या अंतरानं द्यायचं हे गाई-म्हशींच्या हिशोबानं ठरत नाही. वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांशी त्यांची फोनवर गाठ घालून द्या, ते आनंदानं मदत करतील.

विहीर, कुंड आणि गावतळं

कासव टाकलं की विहिरीचं पाणी स्वच्छ राहतं, असं मानून अनेक गावांत विहिरीत कासव सोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी ही कल्पना चुकीची आहे, कारण कासवाची विष्ठा त्याच पाण्यात पडते. कासवालाही ती जागा योग्य नाही. बांधीव विहिरीला उतार नसतो, ऊन तळापर्यंत पोचत नाही, आणि वर्षानुवर्षं ओल्या राहिलेल्या कवचाला रोग लागायला वेळ लागत नाही. त्यातच ग्रामपंचायतीचा माणूस येऊन पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर टाकतो. क्लोरीनचा जास्त डोस डोळ्यांना आणि कातडीला पोळतो. विहिरीत कासव असेल तर वनविभागाला कळवून ते जवळच्या योग्य पाणवठ्यात हलवून घ्या आणि मग पावडर टाका.

देवळाच्या कुंडात कासवं असतील तर विश्वस्तांनी चार गोष्टी कराव्यात. पाण्यातून वर येणारा उतरता दगड किंवा पक्का बसवलेला ओंडका ठेवावा, जिथे दुपारपर्यंत ऊन येईल. पाव, बिस्किटं, फुटाणे टाकायला बंदी करावी, कारण न खाल्लेलं अन्न कुजून पाणी बिघडवतं. निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवावा. आणि कासवाच्या पाठीवर कुंकू, शेंदूर, रंग किंवा नाव लिहायला सक्त मनाई करावी. सभामंडपातल्या दगडी कासवाला हळद-कुंकू वाहा, जिवंत कासवाला नको.

उन्हाळ्यात गाळ काढताना होणारी इजा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. तळं आटत आलं की फ्लॅपशेल चिखलात पुरून घेतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. महाराष्ट्रात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना राबवली जाते. काम चांगलं आहे, पण एप्रिल-मे महिन्यात जेसीबीचा दात ज्या गाळात शिरतो त्याच गाळात ही कासवं असतात. तडकलेलं कवच घेऊन जी वाचतात त्यांना पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात संसर्ग होतो. यावर उपाय साधे आहेत. एकाच वेळी सगळं तळं न खणता एका बाजूचा, ओलसर भागाचा पट्टा राखून ठेवा. काम सुरू होण्याआधी चालकाला कासवाचा फोटो दाखवा आणि कासव निघालं की मशीन थांबवायला सांगा. धडधाकट कासव त्याच तळ्याच्या राखलेल्या पट्ट्यात परत ठेवता येतं. त्यासाठी वनरक्षकाला आधीच कळवून ठेवा.

नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या मच्छीमारांनी जाळं रात्रभर पाण्यात सोडून जाणं टाळलं तर कासवांचं बुडणं आणि दोरीनं कवच कापलं जाणं, दोन्ही कमी होईल. फाटलेलं जाळं पाण्यात टाकू नका. शेतात पाचट पेटवण्याआधी कडेनं एक फेरी मारा. पावसाळ्याच्या तोंडाशी कासवं एका पाणवठ्यातून दुसरीकडे जायला निघतात, तेव्हा तळ्याजवळच्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा.

घरचं कासव तळ्यात सोडू नका

मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं लाल कानाचं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, बशीएवढं झालं की पुष्कळ घरांतून गुपचूप जवळच्या तलावात जातं. हे मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावतं, आणि बंदिस्त टाकीत अंगावर घेतलेले रोगजंतू तलावात नेतं. टाकीतल्या कासवाचं कवच सडत असेल तर पशुवैद्यकाकडे न्या. सांभाळता येत नसेल तर स्थानिक प्राणिसंस्थेशी बोला. तळ्यात सोडणं म्हणजे भूतदया नव्हे.

हेच सूत्र वाचवलेल्या देशी कासवालाही लागू आहे. ते बरं झालं की शक्य तर सापडलं त्याच पाणवठ्यात सोडायचं. मुंबईत सापडलेलं कासव कोयनेकाठच्या छान जागी सोडावंसं वाटणं साहजिक आहे, पण त्याबरोबर एका नदीचे जंतू दुसऱ्या नदीत जातात.

तळ्यातळ्यांतून फिरणाऱ्यांसाठी

सर्वेक्षण करणारे विद्यार्थी, स्वयंसेवक आणि छायाचित्रकार एका दिवसात दोन-तीन पाणवठे करतात. बुटांवरचा चिखल, ओली जाळी आणि टब यांतून रोगजंतूंचा प्रवास होतो. एका ठिकाणचं काम संपलं की आधी सगळा चिखल घासून धुवा, कारण चिखलावर जंतुनाशक चालत नाही. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात साहित्य दहा मिनिटं बुडवा. साध्या पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवा. ब्लीचचं पाणी तळ्यात ओतू नका. परवानगी घेऊन कासवं हाताळत असाल तर प्रत्येक कासवासाठी हातमोजे बदला आणि आजारी दिसणारं कासव सर्वांत शेवटी हाताळा.

एकाच ठिकाणी अनेक कासवं मेलेली दिसली तर हात न लावता फोटो घ्या आणि वनविभागाला लगेच कळवा. शवविच्छेदन ताज्या शरीराचंच उपयोगी पडतं, उन्हात दोन दिवस पडलेल्याचं नाही. पाण्यात रसायन मिसळल्याची शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही लेखी तक्रार करा आणि तिची पोच ठेवा.

उपचारांचा वेग

कासव दवाखान्यात दिल्यावर आठवड्याभरात सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. सडलेला भाग काढायला भूल द्यावी लागते. त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कारण जिवाणू कोणता, बुरशी कोणती हे डोळ्यांना कळत नाही आणि औषध त्यावरच ठरतं. नंतर दिवसाचे काही तास कोरडं, काही तास स्वच्छ पाण्यात, ठरावीक उबेत असं वेळापत्रक चालतं. कवचाचं हाड भरायला अनेक महिने लागतात, मोठ्या जखमेला वर्षाहून अधिक. एवढ्या काळात दवाखान्यात रोज फोन करण्यापेक्षा ज्या तळ्यातून ते आलं तिथलं सांडपाणी बंद होतंय का, बसायला दगड आला का, जाळी निघाली का, हे पाहा.

पंचायतीच्या सभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, देवस्थानच्या विश्वस्तांसमोर हा विषय काढा. तारखांसह काढलेले फोटो आणि डागाळलेल्या कासवांची संख्या कागदावर घेऊन जा. आपल्या गावच्या तळ्याची अशी वही या हिवाळ्यात सुरू करा, आणि १९२६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.